पाळी सुटल्यावर फोनवरची इंग्रजी

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीच्या डिस्पॅचमध्ये तासभर बसलं, की इंग्रजीचा खरा पेपर कसा असतो ते कळतं. तो तोंडी असतो आणि फोनवर असतो. पलीकडून चेन्नईचा ग्राहक ‘फिफ्टीन ड्रम्स’ म्हणतो आणि इकडे ‘फिफ्टी’ ऐकू येतं. मुरलेला माणूस लगेच विचारतो, ‘वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?’ नवा मुलगा मात्र ‘येस सर, येस सर’ करून फोन ठेवतो आणि टेम्पो भरायची वेळ आली की चलन हातात घेऊन सुपरवायझरच्या तोंडाकडे बघतो.

या पट्ट्यातल्या कारखान्यांत भाषेचे दोन मजले आहेत. खाली मशिनवर हिंदी, मराठी, भोजपुरी चालते. तिथे इंग्रजीवाचून कोणाचं अडत नाही. वर सगळा कागद इंग्रजी: ड्रमवरचं लेबल, रसायनाचं सेफ्टी शीट, औषध कंपनीतलं बॅच रेकॉर्ड, ऑडिटची चेकलिस्ट. आयटीआय किंवा बीएस्सी झालेला आपला मुलगा हा कागद वाचतो, भरतो, त्यावर सही करतो. अडतो तो दोन मजल्यांमधल्या जिन्यावर, म्हणजे फोनवर. ग्राहक, ट्रान्सपोर्टर, परदेशी ऑडिटरच्या आधी येणारा सल्लागार, नोकरी बदलताना पहिली फेरी घेणारी एचआरची मुलगी, हे सगळे आधी आवाज म्हणून भेटतात.

म्हणून ज्या माध्यमात परीक्षा त्याच माध्यमात शिकवणी, हा विचार वरवर पाहता सरळ आहे. इंग्रजी संभाषण टेलिफोनवर शिकवण्याचे प्रयोग जगात पुष्कळ झाले, महाराष्ट्रातही त्याच्या जवळपासचे बरेच झाले. त्यातलं काय टिकलं, काय विरलं आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाने त्यातून काय उचलावं, याचा हा आढावा.

आधी या भागाची अडचण. स्टेशन रोडवरच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासची वेळ ठरलेली असते, संध्याकाळी सात ते आठ. कामगाराची पाळी मात्र फिरती. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो क्लासला जातो, दुसरीच्या आठवड्यात त्या वेळी मशिनपाशी असतो, तिसरीच्या आठवड्यात झोपेतून उठलेला असतो. तीन आठवड्यांतला एक नियमित बुडाला, की त्याच्या मागे बॅच पुढे जाते आणि दीड महिन्यात फी बुडाली म्हणून गप्प बसायचं. पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या मुलींचं आणखी वेगळं: कामावरून सुटल्यावर थेट घरी यायचं, मध्ये क्लास नाही. आणि ज्यांना मुंबईला जावं लागतं त्यांचा दिवस लोकल खाते. अशा माणसाला घरबसल्या, ठरल्या वेळी, दहा-पंधरा मिनिटांची शिकवणी मिळाली तर ती नको कोण म्हणेल?

ती इतकी वर्षं का मिळाली नाही, याचं पहिलं कारण साधं होतं: दर. कल्याणपासून पुढे बदलापूरपर्यंतचा कोड ०२५१, मुंबईचा ०२२. मुंबईत तेव्हा एमटीएनएल, इकडे बीएसएनएल. एके काळी अंबरनाथहून दादरला केलेला फोन हा एसटीडी होता आणि पिवळ्या बूथमधल्या त्या लाल आकड्यांकडे बघत कोणी भूतकाळाचं रूप विचारलं नसतं. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं ते २००३ साली. त्यानंतरही बरीच वर्षं आपण मिस्ड कॉलवरच संसार केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बोलण्याच्या मिनिटाची किंमत जवळजवळ शून्य झाली. तेव्हापासून फोनवरच्या शिकवणीचा खर्च म्हणजे फक्त शिकवणाऱ्याचा वेळ. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचे बहुतेक प्रयोग का चालले आणि का बसले, ते आपोआप उलगडतं.

शिकवणाऱ्याचा वेळ वाचवायचा तर त्याचा आवाज आधी भरून ठेवायचा. आपल्याकडे हे फोनच्या आधी रेडिओने केलं. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वी लर्न इंग्लिश’ हा कार्यक्रम केला आणि तो आकाशवाणीवरून शाळाशाळांत पोहोचला. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारायचा, थांबायचा, वर्गातली मुलं एका सुरात उत्तर द्यायची, बाई किंवा गुरुजी मदतीला असायचे. ज्या शिक्षकाला स्वतःलाच इंग्रजी बोलायचा धीर नाही, त्याच्या वर्गात चांगली इंग्रजी ऐकू येण्याची ती सोय होती. तिचं मोल मी कमी लेखणार नाही. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली तेव्हा अशा शिक्षकांची संख्या किती होती, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना सांगायला नको. पण रेडिओ बोलतो, ऐकत नाही. मूल चुकलं तरी तो ‘शाब्बास’ म्हणून पुढे जातो.

मोबाइलवर हीच कल्पना पुन्हा आली. नोकियाने २००९ मध्ये ‘लाइफ टूल्स’ नावाची सेवा काढली, तिची आधीची चाचणी महाराष्ट्रातच झाली होती. बाजारभाव आणि हवामानाबरोबर इंग्रजीचे छोटे धडे एसएमएसवर यायचे. शेतकऱ्याला कांद्याचा भाव उपयोगी पडला असेल. मेसेजमध्ये वाचलेल्या शब्दाने कोणाची जीभ सैल झाली असेल यावर माझा विश्वास नाही.

याच प्रकारातला सर्वांत मोठा प्रयोग शेजारच्या बांगलादेशात झाला. नोव्हेंबर २००९ मध्ये बीबीसीने ‘जानाला’ सुरू केलं, ब्रिटिश सरकारच्या मदतीने. ३००० हा नंबर फिरवायचा, तीन मिनिटांचा धडा ऐकायचा. सुरुवातीला धड्याला तीन टाका पडत. पुढे मोबाइल कंपन्यांनी दर बराच उतरवला. ‘प्रथम आलो’ या दैनिकात त्याच धड्यांचे पाठ छापून येत, टीव्हीवर मालिका चाले. लाखो लोकांनी फोन लावले. त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली: इंग्रजीची भूक गरीब माणसालाही आहे आणि त्यासाठी तो पदरचे पैसे मोडतो. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून रॅपिडेक्सपर्यंतच्या खपाने हे आधीच सांगितलं होतं. पण भरून ठेवलेल्या आवाजाला वाईट वाटत नाही. आज ऐकलं नाही, उद्या ऐकलं नाही, परवापासून नंबर विसरला. फोन असूनही तो रेडिओच राहतो, फक्त खिशातला.

फोनवर खरं संभाषण शिकवलं ते कोरियाने, आणि शिकवणारे होते फिलिपिन्सचे. या प्रकाराकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण आपल्याकडची आजची बहुतेक ॲपं त्याचीच नक्कल आहेत आणि नक्कल करताना त्यातला गाभाच गाळला गेला आहे. २००० नंतरच्या दशकात दक्षिण कोरियात ‘टेलिफोन इंग्लिश’ हा मोठा धंदा झाला. सेऊलमधला कर्मचारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी तयार बसायचा आणि ठरल्या मिनिटाला फोन वाजायचा. पलीकडे सेबू किंवा मनिलाच्या कॉल सेंटरसारख्या दालनात बसलेली शिक्षिका. दहा मिनिटं बोलायचं, आठवड्यातून तीन किंवा पाच दिवस. विषय आधी पाठवलेला. नंतर कुठे चुकलास याची दोन-चार ओळींची टिपणी.

यात तीन गोष्टी मुद्दाम केलेल्या दिसतात. फोन शिक्षिका करते, विद्यार्थी नाही. वेळ दहाच मिनिटं, म्हणजे थकलेला माणूसही नाही म्हणू शकत नाही. आणि चूक झाली तरी बोलणं तोडायचं नाही, ती नंतर लिहून द्यायची. पहिली गोष्ट सर्वांत मोलाची. रात्री जेवून आडवं झाल्यावर उठून इंग्रजीसाठी फोन लावणारे शंभरात चार निघतील. वाजलेला फोन उचलणारे मात्र बहुतेक असतात. समोरचा माणूस आपल्यासाठी थांबला आहे, ही भीड शिकवणीचं अर्धं काम करते. आपल्या माणसांना तर भीड अंमळ जास्तच.

भिडेचा हा मुद्दा माझ्या मनाचा नाही, त्याला पुरावा आहे. कोविडमध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा आफ्रिकेतल्या बोट्स्वानात साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना गणिताचे एसएमएस पाठवले, काहींना एसएमएसबरोबर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांचा शिक्षकाचा फोन. नुसत्या एसएमएसने फारसं काही हाती लागलं नाही. फोन गेलेल्या घरांतली मुलं खरोखर पुढे गेली. नंतर हीच पद्धत भारतासह आणखी पाच देशांत तपासली गेली आणि फोनचा उपयोग तिथेही दिसला. बांगलादेशात तर विद्यापीठातल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यांनी गावाकडच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा फोन करून इंग्रजी आणि गणित शिकवलं, आणि मुलांची प्रगती ठळकपणे मोजता आली. त्यासाठी स्मार्टफोन लागला नाही, साधा फोन पुरला. मुलांचं आणि गणिताचं जे खरं तेच तिशीतल्या कामगाराच्या इंग्रजीचं, असं थेट म्हणता येणार नाही. तरी जिथे जिथे माणूस होता तिथे परिणाम होता आणि जिथे माणूस नव्हता तिथे तो पातळ झाला, एवढं दिसतं.

महाराष्ट्रात या जातीचा सर्वांत गोड प्रयोग झाला तो फोनवर नव्हे, स्काइपवर. ‘भिंतीतल्या संगणका’मुळे गाजलेले सुगत मित्रा यांनी २००९ मध्ये इंग्लंडमधल्या निवृत्त, मोकळ्या वेळाच्या लोकांना आवाहन केलं: आठवड्यातून तासभर भारतातल्या मुलांशी गप्पा मारा. त्याला ‘ग्रॅनी क्लाउड’ नाव पडलं, म्हणजे आजीबाईंचा ढग. त्याची घडी बसवण्यात पुण्याच्या सुनीता कुलकर्णी यांचा मोठा वाटा. २०१३ साली मित्रांना दहा लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं, त्यातून उभ्या राहिलेल्या सात केंद्रांपैकी एक होतं फलटणला, मॅक्सिन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत. आजी शिकवत नाही, ती गोष्ट वाचते, कौतुक करते, ‘मग काय झालं?’ विचारते. मुलांना बोलावं वाटतं ते म्हणूनच. पण आजीच्या कौतुकावर कारखान्याचं काम भागत नाही, आणि फुकट वेळ देणाऱ्याला वेळापत्रकात बांधता येत नाही. प्रयोग म्हणून सुंदर, व्यवस्था म्हणून कच्चा, असं माझं मत आहे.

कॉल सेंटरांचा उल्लेख इथे टाळता येत नाही. ऐरोली, पवईच्या कंपन्यांनी कल्याण-बदलापूरच्या कितीतरी मुलांना रात्रीच्या गाडीत बसवून नेलं आणि काही आठवड्यांत फोनवर बोलतं केलं. त्यांच्या उच्चारांची टिंगल पुष्कळ झाली. पण ती शिकवणी यशस्वी का झाली? मुलांना सगळी इंग्रजी शिकवली नाही, एका कामापुरती शिकवली: नमस्कार, ओळख पटवणं, तक्रार परत म्हणून खात्री करणं, थांबायला सांगणं, निरोप. पन्नास-साठ वाक्यांचा संच, रोज आठ तास सराव.

आता जरा कानाची गोष्ट, कारण फोनवर शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकजण ती विद्यार्थ्याला सांगतच नाहीत. जुन्या टेलिफोनमधून माणसाचा पूर्ण आवाज जात नाही. ढोबळमानाने ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. इंग्रजी ‘एस’ आणि ‘एफ’ या सुस्काऱ्याच्या ध्वनींची बरीच ताकद त्याच्या वर असते, ती वाटेतच गळते. म्हणून फोनवर ‘एस’ आणि ‘एफ’ सारखेच लागतात आणि चांगली इंग्रजी येणाऱ्यालाही ‘एस फॉर सोलापूर’ म्हणावं लागतं. हल्लीच्या फोर-जी कॉलमध्ये पट्टा ७००० हर्ट्‌झपर्यंत जातो, फरक कानाला लगेच जाणवतो. पण दोन्ही बाजूंना तशी सोय हवी, आणि कंपनीच्या ऑफिसातला टेबलावरचा जुना फोन अजून जुन्याच पट्ट्यात बोलतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’चा घोळ थोडा वेगळा. दोन्हींतला फरक शेवटच्या ‘न’पेक्षा जास्त आघाताचा आहे: पंधरामध्ये जोर मागच्या भागावर आणि स्वर लांब, पन्नासमध्ये जोर पुढे. मराठी बोलणारा दोन्ही अक्षरांना सारखं वजन देतो, म्हणून त्याचं ऐकणाऱ्याला कळत नाही आणि ऐकणाऱ्याचं त्याला.

याचा अर्थ फोनवर शिकलेला माणूस कमनशिबी असा नाही, उलटा आहे. तोंड दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, हातवारे नाहीत, फळा नाही. एवढ्या अडचणीत ज्याला कळायला लागलं, त्याला समोरासमोर सोपं जातं. आणि एक फायदा शिक्षकांनाही उशिरा कळतो: चेहरा दिसत नसल्याने लाज कमी होते. वर्गात तीस जणांसमोर तोंड न उघडणारी मुलगी फोनवर पलीकडच्या बाईंशी धडाधड चुकीची इंग्रजी बोलते, आणि चुकीची का होईना, बोलणं तिथूनच सुरू होतं. मुलींच्या बाबतीत मात्र पलीकडे कोण आहे हे घरच्यांना माहीत असलं पाहिजे आणि तिचा नंबर शिक्षकाच्या हातात पडता कामा नये. चांगल्या सेवा नंबर झाकून फोन जोडतात. ज्या झाकत नाहीत त्यांच्यापासून दूर राहावं.

आजच्या बाजारात एन्गवार्तासारखी ॲपं आहेत, ज्यांत बटण दाबलं की एक ‘एक्स्पर्ट’ फोनवर येतो आणि तुमच्याशी इंग्रजीत बोलतो. सोय चांगली आहे, पाळीवाल्याला तर रात्री अकरालाही माणूस मिळाला तर हवाच असतो. पण बटण विद्यार्थ्याने दाबायचं आणि दर वेळी जो मोकळा असेल तो पलीकडे, अशी रचना जिथे असते तिथे रोज नव्याने ओळख होते: नाव काय, गाव कुठलं, छंद कोणते. तीन महिन्यांनी मुलगा छंदांवर फर्डं बोलतो आणि ‘माल गेटवरून परत का आला’ हे सांगताना अडखळतो.

त्यापुढचं पाऊल म्हणजे यंत्राशीच बोलणं. २०२३ पासून चॅटजीपीटीसारखी साधनं आवाजाने बोलू लागली, आणि त्यांची इंग्रजी कुठल्याही क्लासच्या सरांपेक्षा सफाईदार आहे. ती चिडत नाहीत, थकत नाहीत, एकच वाक्य वीस वेळा सांगतात. सरावाला उत्तमच, आणि मी ती वापरायला सांगेन. पण त्यांच्याबद्दल भीड वाटत नाही. यंत्राला ताटकळत ठेवून झोपी जाताना कोणालाही अपराधी वाटत नाही. शिवाय कारखान्यात यंत्र जवळही नसतं: सॉल्व्हंटच्या भागात मोबाइल नेता येत नाही, तो गेटवरच्या लॉकरमध्ये असतो. शिकायची वेळ म्हणजे पाळीच्या आधीची किंवा नंतरची अर्ध्या तासाची धावपळ. त्यात स्वतःहून ॲप उघडणारा विरळा.

मग इथे काय करावं? माझं उत्तर धंद्याच्या बाजूने आहे. एका शिक्षकाला दहा मिनिटांचा फोन आणि दोन मिनिटांची टिपणी धरून तासाला पाच माणसं होतात. रोज चार तास केले तर वीस. स्टेशन रोडच्या क्लासमध्ये एका तासात तीस बसतात. म्हणजे माणसामागे खर्च फोनवर जास्तच येणार, आणि तो पॅकिंगमधल्या मुलीच्या पगारातून निघणार नाही. तो कंपनीने किंवा इथल्या उद्योजकांच्या संघटनेने उचलावा, कारण चुकीच्या ऐकण्याने परत आलेल्या एका टेम्पोचं भाडं कोणाच्या खिशातून जातं ते त्यांना ठाऊक आहे. शिकवायला इंग्रजीचे एमए शोधू नयेत. तीस वर्षं परचेसमध्ये, डिस्पॅचमध्ये, क्वालिटीत घालवून निवृत्त झालेली माणसं अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांमध्ये आहेत. त्यांची इंग्रजी शेक्सपिअरची नाही, पण ‘डिलिव्हरी कधी?’ या प्रश्नाला चार प्रकारे उत्तर द्यायला तीच कामी येते. त्यांनी रोज दहा मिनिटं फोन करावा, ग्राहक होऊन चिडावं, पीओ नंबर भरभर सांगावा, मध्येच तारीख बदलावी. मुलाने परत म्हणून दाखवावं. महिन्याला साठ वाक्यं पक्की झाली तर खूप झाली.

कंपनी हे करेपर्यंत ज्यांना स्वतःच्या पैशाने शिकायचं आहे, त्यांनी फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: फोन कोण करणार, आणि रोज तीच व्यक्ती असणार का. ‘तुम्हीच करायचा, जो मोकळा असेल तो उचलेल’ असं उत्तर आलं, तर वर्षाची सवलत घेऊ नका. एकाच महिन्याचे पैसे भरा.